जोड्या लावा : शेवटची जोडी फुकट का मिळते?

खडूफळा
जळगाव जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवते. घटक चाचणी जवळ आली की स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "चार मार्कांच्या जोड्या टाका, पटकन होतं." काढायला सोपा आणि तपासायला त्याहून सोपा, म्हणून हा प्रश्न पेपरात येतो. माझं म्हणणं असं की मन लावून काढला तर हा प्रश्न फार कामाचा आहे. थोड्या जागेत बरंच विचारता येतं, आणि ज्या मुलांना लिहायला जड जातं त्यांनाही येत असलेलं दाखवता येतं. घाईत काढला तर मात्र मुलाला काय येतं याचा काही पत्ता लागत नाही. म्हणून हा धागा. आपापल्या विषयाचे नमुने टाका.

आधी एक नेहमी दिसणारा नमुना:

अ गट : १) बहिणाबाई चौधरी २) फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन ३) तापीचा उगम ४) शिरीषकुमार
ब गट : अ) १९३६ ब) मुलताई क) नंदुरबार ड) आसोदे

चारही जोड्या बरोबर आहेत. पण ब गटात साल एकच आहे, ते अधिवेशनाशिवाय दुसऱ्या कशाला लागणार? शिरीषकुमार आणि नंदुरबार ही जोडी आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. आसोदे जळगावपासून हाकेच्या अंतरावर, तिथे बहिणाबाईंचा जन्म झाला हे अभ्यास न करताही कानावर पडलेलं असतं. उरलं मुलताई, उरला तापीचा उगम. ज्याने मुलताईचं नाव आयुष्यात ऐकलेलं नाही त्यालाही पूर्ण गुण. आणि तापीचा उगम आला की नाही, हेच तर बघायचं होतं.

दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, अ गटात माणूस, घटना, नदी सगळं एकत्र कोंबलं आहे. दोन, दोन्हीकडे चार-चार. आता हे बघा:

सूचना : डावीकडील गाव ज्या नदीच्या काठी आहे त्या नदीचे अक्षर चौकटीत लिहा. प्रत्येक नदी एकदाच वापरायची आहे. दोन नद्या शिल्लक राहतील.

गाव : १) धुळे २) अमळनेर ३) शहादा ४) एरंडोल ५) शिरपूर ६) भुसावळ
नदी : क) अंजनी ख) अरुणावती ग) गिरणा घ) गोमाई च) तापी छ) पांझरा ज) बोरी झ) रंगावली

डावीकडे सगळी गावं, उजवीकडे सगळ्या नद्या. प्रत्येक गावासाठी आठही नद्या खऱ्याखुऱ्या शक्य वाटतात, त्यामुळे माहिती असल्याशिवाय निवड होत नाही. गिरणा आणि रंगावली जास्तीच्या आहेत. जास्तीचा पर्याय 'नर्मदा' किंवा 'गंगा' ठेवून उपयोग नाही, मुलं तो आधीच बाजूला काढतात. तो खानदेशातलाच, रोजच्या ऐकण्यातला हवा. नद्या अकारविल्हे लावल्या आहेत, म्हणजे हवी ती नदी शोधण्यात मुलाचा वेळ जात नाही आणि क्रमावरून उत्तराचा सुगावाही लागत नाही.

बेरीज_वजाबाकी
ताई, फार चांगला विषय काढलात. गणिताच्या बाजूने थोडं लिहितो, कारण 'शेवटची जोडी फुकट' यापेक्षा मोठी गडबड त्यात आहे.

चार-चारच्या जोड्या काहीही माहिती नसताना लावल्या तर एकूण २४ प्रकारे लागतात. त्यातल्या ९ प्रकारांत शून्य गुण, ८ प्रकारांत एक, ६ प्रकारांत दोन आणि एका प्रकारात चारही. तीन गुणांचा रकाना रिकामा आहे! प्रत्येक पर्याय एकदाच वापरला तर चारापैकी तीन गुण पडूच शकत नाहीत. म्हणजे ज्याला तीन जोड्या पक्क्या येतात तो चार घेऊन जातो. आणि ज्याने फक्त दोन गोष्टींची आपसात अदलाबदल केली, त्याचे दोन गुण जातात, कारण एक चूक दुसरी चूक ओढून आणते. एकाला न आलेल्याचा गुण मिळाला, दुसऱ्याला एका गोंधळाची दुप्पट शिक्षा झाली. पेपर तपासताना हे दिसत नाही, गुणतक्त्यात मात्र बसतं.

आता तुमच्या सहा गावं-आठ नद्यांत चार गावं पक्की येणारा मुलगा घ्या. नद्याही सहाच असत्या तर उरलेली दोन गावं आणि दोन नद्या, अंदाजाने सरासरी एक गुण जास्तीचा. आठ नद्या असल्या तर उरतात चार, प्रत्येक गावाला चारात एक संधी, म्हणजे सरासरी अर्धा गुण. फुकटचा वाटा निम्म्यावर आला, आणि त्यासाठी दोन शब्द जास्त छापावे लागले एवढंच.

जुना_मास्तर
वाचतो आहे. पण जमिनीवरची परिस्थिती मांडली पाहिजे. एका वर्गात सत्तर पोरं, दोन तुकड्या, वर शाळाबाह्य कामं. पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे सारखी संख्या असते, पोरांना तीच सवय. मध्येच जास्तीचे पर्याय दिले तर पोरं बावचळतात, "सर, एक उरलं, कुठं लावू?" म्हणून भर पेपरात उभी राहतात. पालक विचारतात ते वेगळंच. सवयीचा प्रश्न सवयीसारखा असावा, असं माझं मत.

खडूफळा
@जुना_मास्तर, सर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच सूचनेत 'दोन नद्या शिल्लक राहतील' हे शब्द घातले आहेत. ते नसतील तर मुलं बावचळणारच, आणि त्यात चूक त्यांची नाही. पहिल्यांदा असा प्रश्न चाचणीत न देता वर्गात फळ्यावर सोडवून घ्यावा. एकदा कळलं की मुलं विचारत नाहीत.

सत्तर पेपरांचं म्हणाल तर तपासायला हा प्रश्न तेवढाच सोपा राहतो, चौकटीत सहा अक्षरं. आणि दहावीच्या इतिहासात 'चुकीची जोडी ओळखून लिहा' असतंच, तिथे प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे माहीत असावी लागते. सहावी-सातवीपासून मुलांना उरलेलं उरलेल्याला जोडायची सवय लावली तर तिथे ती अडतात.

गोमाईकाठ
शहाद्याचं नाव वाचून बरं वाटलं. 😊
एक सुचवू का? एकच नदी दोन गावांना लागू शकेल अशी सोय ठेवली तर उरलंसुरलं लावायची वाटच बंद होते. भुसावळबरोबर सारंगखेडा घाला, दोन्ही तापीकाठी. सूचनेत लिहायचं, 'एखादी नदी एकापेक्षा जास्त वेळा वापरता येईल, एखादी अजिबात वापरावी लागणार नाही.'

पण प्रकाशा मात्र घालू नका. तिथे तापी आणि गोमाईचा संगम आहे. आमच्याकडची पोरं गोमाई लिहितील, बाकीची तापी, आणि दोघांनाही गुण द्यावे लागतील. चांगदेवचंही तसंच, तापी आणि पूर्णा. संगमावरची गावं या प्रश्नात भांडण लावतात. उत्तरसूची करताना डावीकडची प्रत्येक गोष्ट उजवीकडच्या प्रत्येक पर्यायाशी लावून बघायची, "हेही बरोबर म्हणता येईल का?" असं विचारत. आपल्याला हव्या त्या जोड्या तपासून भागत नाही, नको त्या जोड्याही तपासाव्या लागतात.

पाटी_पेन्सिल
धडगाव भागातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे, पहिली-दुसरी. आमची मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात, मराठी त्यांना शाळेत आल्यावर भेटते. त्यामुळे आमच्याकडे जोड्या म्हणजे चित्र आणि शब्द, मध्ये रेघ.

रेघांबद्दल सांगते. पाच चित्रं आणि पाच शब्द असले की रेघा एकमेकींवरून जातात. मूल एक रेघ खोडतं, दुसरी ओढतं, कागद काळा होतो आणि कोणती रेघ कुठे पोचली ते मलाही कळत नाही. मी तीनच चित्रं देते आणि शब्द चार. दोन रांगांमध्ये चार बोटं जागा सोडते. चित्राशेजारी आणि शब्दाशेजारी ठळक ठिपका काढते, ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत रेघ. तिसरीपासून रेघ बंद, चौकटीत अक्षर.

दुसरं, चित्रं एकाच जातीची हवीत हे आमच्याकडे जास्तच लागू पडतं. बैल, झाड आणि घर दिलं तर मूल शब्दाचं पहिलं अक्षर बघून मोकळं होतं. बैल, बकरी, बदक दिलं की पूर्ण शब्द वाचावा लागतो. वाचता येतं की नाही ते तेव्हा कळतं. आणि चित्र मुलांनी पाहिलेल्या गोष्टीचं असावं. मोहाचं फूल दाखवलं तर सगळे ओळखतात. जहाज दाखवलं तर वाचन येत असूनही मूल थांबतं, कारण ते चित्र कशाचं हेच त्याला माहीत नसतं.

प्रयोगवही
विज्ञानवाल्यांची एक अडचण. हा प्रश्न कितीतरी चाचण्यांत असतो:

१) रातांधळेपणा २) मुडदूस ३) स्कर्व्ही ४) बेरीबेरी
अ) जीवनसत्त्व क ब) जीवनसत्त्व अ क) जीवनसत्त्व ड ड) जीवनसत्त्व ब१

मुलाने स्कर्व्हीपुढे 'क' लिहिलं. त्याला जीवनसत्त्व क म्हणायचं आहे, म्हणजे त्याला उत्तर येतं. पर्यायाचं अक्षर म्हणून वाचलं तर मात्र ते जीवनसत्त्व ड होतं आणि गुण जातो. मूल बरोबर, कागद चूक. इथे पर्यायांना त, थ, द, ध अशी अक्षरं द्या. खडूफळा ताईंनी क, ख, ग वापरलं आहे ते मला एकूणच आवडलं, कारण मुलांच्या घाईच्या अक्षरात अ आणि आ, इ आणि ई ओळखताना तपासणाऱ्याचे डोळे दुखतात. आणि 'अ गट-ब गट' या मथळ्याऐवजी सरळ 'आजार' आणि 'कमतरता असलेले जीवनसत्त्व' असं लिहा. कशाशी काय जोडायचं ते मथळ्यातच कळतं.

आता मला मनापासून आवडणारा प्रकार सांगतो. जोड्या म्हणजे नुसतं पाठांतर, ही समजूत या प्रश्नाने मोडते. विषय तरफांचा.

सूचना : प्रत्येक साधन कोणत्या प्रकारची तरफ आहे ते ओळखून अक्षर लिहा. प्रत्येक प्रकार कितीही वेळा वापरता येईल.

साधने : १) कात्री २) अडकित्ता ३) चिमटा ४) सांडशी ५) एकचाकी हातगाडी ६) सी-सॉ ७) लिंबू पिळणी
त) पहिला प्रकार थ) दुसरा प्रकार द) तिसरा प्रकार

डावीकडे सात, उजवीकडे तीन, त्यामुळे हे उरलं म्हणून ते लावलं असं करताच येत नाही. आणि यात सगळी गंमत चिमटा आणि सांडशीत आहे. दोन्ही चुलीजवळच्या वस्तू, दोन्हींनी गरम वस्तू धरायची, म्हणून मुलं दोन्हींना एकच अक्षर देतात. पण सांडशीत टेकू मध्ये असतो, एका बाजूला हात आणि दुसऱ्या बाजूला पातेलं, म्हणून ती पहिल्या प्रकारची. चिमट्यात टेकू टोकाला आणि आपण दाबतो ते मध्येच, म्हणून तो तिसऱ्या प्रकारचा. अडकित्ता कात्रीसारखा दिसतो, पण सुपारी टेकू आणि हात यांच्या मध्ये येते, म्हणून तो दुसऱ्या प्रकारचा. ज्याने टेकू, भार आणि बल शोधलं त्यालाच हे येतं. पाठ केलेली यादी इथे उपयोगी पडत नाही, विशेषतः सांडशी पुस्तकातल्या चित्रात नसेल तर.

बेरीज_वजाबाकी
@प्रयोगवही, सांडशीचं उदाहरण अप्रतिम! घरी जाऊन दोन्ही हातात घेऊन बघतो.

एकच शंका. ज्याला काहीच येत नाही त्याने सातही ठिकाणी 'त' लिहिलं तर तीन गुण मिळतील (कात्री, सांडशी, सी-सॉ).

प्रयोगवही
बरोबर पकडलंत. यावर उपाय म्हणजे तिन्ही प्रकारांची साधनं संख्येने साधारण सारखी ठेवायची. चिमट्याबरोबर मासे धरायचा गळ घातला की तिसऱ्या प्रकारची दोन होतात आणि एकूण आठ साधनांत ३, ३, २ अशी वाटणी बसते. आठापैकी तीन तरी मिळतातच, पण तीनच पर्याय असताना तेवढं चालवून घ्यावं लागतं. त्याच्या जोडीला दोन गुणांचा छोटा प्रश्न ठेवतो, 'सांडशीची आकृती काढून टेकू, भार, बल दाखवा.' दोन्ही मिळून चित्र स्पष्ट होतं.

अभ्यासिका_धुळे
मी शिक्षक नाही, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आमच्याकडे जोड्यांचा प्रश्न येतो तो खाली चार सांकेतिक पर्याय देऊन, म्हणजे प्रत्येक पर्यायात चारही जोड्यांची एक तयार जुळणी. त्यात चार जोड्यांपैकी दोन पक्क्या आल्या की बहुतेक वेळा पर्याय सापडतो, कधी कधी एकीवरही. आमची तयारीच त्या तंत्राची असते, सर्वांत खात्रीची जोडी धरायची आणि ती नसलेले पर्याय खोडायचे. परीक्षेला लाखो उमेदवार, मशीनवर तपासणी, तिथे ते ठीक असेल. पण शाळेतल्या चाचणीत चार पर्याय देऊन जोड्या विचारू नका असं मनापासून वाटतं. तिथे मुलाला चारापैकी कोणती जोडी येत नाही हे गुरुजींना कळलं पाहिजे, आणि त्या पद्धतीत ते कळत नाही.

बोलीभाषा
मराठी शिकवते, अमळनेरला. भाषेकडून एक धोका सांगते, जो इतर विषयांच्या पेपरांतही राहून जातो. मराठीत क्रियापद आणि विशेषण लिंग-वचन दाखवतं, त्यामुळे उत्तर वाक्याच्या शेपटीतच सांगितलं जातं. हे बघा:

१) आसोदे येथे जन्मलेल्या कवयित्री २) अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे शिक्षक ३) नंदुरबारला हुतात्मा झालेला मुलगा
क) शिरीषकुमार ख) साने गुरुजी ग) बहिणाबाई चौधरी

'कवयित्री' म्हटलं की यादीतली एकच बाई. 'शिक्षक' म्हटलं की गुरुजी. 'झालेला' हे एकवचन लहान मुलाचं, थोरांना आपण 'झालेले' म्हणतो. विषय कोरा असलेलं, पण मराठी येणारं मूल तिन्ही बरोबर लावेल. डावी बाजू अशी लिहावी : 'जन्मगाव आसोदे', 'अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन', 'नंदुरबार येथे १९४२ मध्ये हौतात्म्य'. आणि चौथं 'धुळ्याच्या संशोधन मंडळाला यांचे नाव' घालून उजवीकडे वि. का. राजवाडे आणि एक-दोन जास्तीची नावं.

म्हणींचे अर्धे तुकडे जोडायला देतात त्यातही हेच होतं. यमक आणि वाक्यरचना उत्तर सांगून टाकतात, अर्थ कळलेला नसतो. त्याऐवजी म्हण आणि ती लागू पडेल असा प्रसंग जोडायला द्यावा.

आमच्या वर्गात मुलांना सर्वांत आवडलेला प्रश्न अहिराणी आणि प्रमाण मराठीचा. आंडोर, आंडेर, आठे, तठे, बठ्ठा हे शब्द डावीकडे. मुलगा, मुलगी, इथे, तिथे, सगळा आणि जास्तीचे सून, कुठे उजवीकडे. ज्या मुलांच्या घरी अहिराणी आहे ती त्या दिवशी ताठ बसतात. बदलीच्या नोकरीवाल्यांची मुलं आंडोर-आंडेरमध्ये अडकतात आणि मधल्या सुट्टीत शेजारच्याला विचारतात.

गोमाईकाठ
@बोलीभाषा, वा! हाई ते मस्त शे!

खडूफळा
सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेला. बोलीभाषा ताईंच्या मुद्द्यावरून एक आठवलं. 'धरण आणि नदी' हा जोड्यांचा लाडका विषय. पण आपल्याकडे गिरणा धरण गिरणेवर, वाघूर वाघूरवर, अनेर अनेरवर. नावातच उत्तर. त्यातून कळतं ते एवढंच, की मुलाला अक्षरं जुळवता येतात. त्याऐवजी 'धरण आणि जिल्हा' विचारा. गिरणा धरणाचं पाणी आपल्या जिल्ह्यात येतं म्हणून मुलं जळगाव लिहितात, पण धरण आहे नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. हतनूर जळगावात, अक्कलपाडा धुळ्यात. उजवीकडे धुळे, नंदुरबार, नाशिक, जळगाव असे चारच पर्याय आणि 'एखादा जिल्हा पुन्हा वापरता येईल' ही सूचना. वर्गात मग नकाशा उघडावा लागतो, आणि पाणी एका जिल्ह्यात अडवतात आणि दुसऱ्यात वापरतात यावर बोलणं होतं.

सालांच्या जोड्या शक्यतो टाळते. द्यायच्याच असतील तर सालं चढत्या क्रमाने. खानदेशचे दोन जिल्हे झाले १९०६, फैजपूर १९३६, जळगावचं विद्यापीठ १९९०, नंदुरबार जिल्हा १९९८, आणि मध्ये १९४२ व १९६० जास्तीची.

पाटी_पेन्सिल
छपाईचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते. आमच्या एका चाचणीत डावा रकाना पानाच्या तळाशी आणि उजवा रकाना पाठपोठ झेरॉक्सच्या मागच्या बाजूला गेला. मुलं पान उलटायची, परत उलटायची, तोवर वाचलेलं विसरायची. दोन-तीन मुलांनी प्रश्नच सोडला. पूर्ण प्रश्न एका पानावर बसत नसेल तर तो पुढच्या पानावर न्यावा, खाली जागा रिकामी राहिली तरी चालेल.

जुना_मास्तर
सर्व वाचलं. सातवीच्या पुढच्या चाचणीत धरण आणि जिल्हा घेतो, आधी फळ्यावर एकदा सोडवून. गुणदानाचं एक स्पष्ट करा. पोराने एकाच चौकटीत दोन अक्षरं लिहिली तर?

खडूफळा
सर, मी सूचनेतच लिहिते, 'प्रत्येक चौकटीत एकच अक्षर.' तरी दोन लिहिली आणि एक स्वच्छ खोडलेलं असेल तर उरलेलं धरते. दोन्ही तशीच असतील तर गुण नाही, पण पेपर परत देताना त्या मुलाला तोंडी विचारते. चुकीसाठी गुण कापत नाही. आणि पेपर परत देण्याआधी सहावीच्या वर्गात कोणतं गाव जास्त चुकलं ते एका कागदावर रेघा मारून मोजते. एरंडोल आणि शिरपूरची अदलाबदल बऱ्याच जणांची होते, अंजनी आणि अरुणावती ही नावं कानाला जवळची लागतात. त्या दोन नद्या मी नकाशावर परत शिकवते, बाकीच्या सोडून देते.